सुखदेवभाऊंची झडप

"ओ ऑपरेटर, मेला का रे?"

अंधारात पुढच्या बाकावरून एक म्हातारी ओरडली आणि टॉकीजमधल्या चारशे बाया एकदम हसल्या.

रविवारचा दुपारी बाराचा खेळ होता, खास महिलांचा. पडद्यावर आगगाडी सुटत होती, आई डब्यामागे धावत होती, फलाटावर पळापळ, किंकाळ्या, आणि नेमक्या त्या जागी पडदा काळा झाला. वर केबिनमध्ये 'खट्ट' वाजलं. म्हणजे झडप पडली. मग टाळ्या. टाळ्या अशा की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट मेडशीला जाऊन बसली.

मी दाराशी होतो आणि माझ्या हातात भोंग्याचा माइक होता. मी तो तोंडाशी धरला आणि म्हणालो, "माता-भगिनींनो, आमच्या ऑपरेटरच्या काळजाचं पानी पानी झालं हाये. पानी आटलं की खेळ सुरू होईन."

आणखी टाळ्या. कोणीतरी शिट्टीसुद्धा मारली, आणि महिलांच्या खेळात ती कोणी मारली याचा शोध वाशिमात अजून चालू आहे.

वर केबिनमध्ये त्या वेळी काय चाललं होतं ते सांगायचं तर आधी सुखदेवभाऊ सांगावे लागतील. आणि सांगावं मलाच लागेल, कारण त्या टाळ्या लोकांना मीच शिकवल्या होत्या.

दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. वाशीमच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये मी दारावरचा माणूस होतो, आणि सकाळी टांग्यात बसून पिक्चरची जाहिरात करणारासुद्धा. माझा आवाज तेव्हा असा होता की मी वाशिमात बोललो तर जऊळक्याच्या स्टेशनावर लोक गाडी आली समजून बोचकी उचलायचे. सुखदेवभाऊ वर केबिनमध्ये ऑपरेटर. आम्हा दोघांमध्ये एक लोखंडी जिना. एकवीस पायऱ्या. त्या मला अजून पाठ आहेत, का ते पुढे येईलच.

माणूस उंच आणि इतका वाळका की प्रोजेक्टरच्या उजेडात उभा राहिला तर सावली न पडता नुसती रेघ पडायची. घरचा धंदा माळ्याचा. गावाबाहेर विहिरीवर मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक. बायको सुमनवहिनी रोज पहाटे पाटी घेऊन बाजारात. भाऊ स्वतः सकाळी वाफ्यांना पाणी देऊन टॉकीजला यायचे, त्यामुळे केबिनमध्ये जळक्या कार्बनचा आणि ओल्या मेथीचा असा मिळून एक वास असे. जगात दुसऱ्या कुठल्या टॉकीजला तो वास असेल तर मी मिशी काढून देईन.

केबिनमध्ये ते चप्पल घालत नसत. खेळाआधी प्रोजेक्टरच्या पाठीवर तळहात ठेवून विचारायचे, "काय बाई, बरं हाये ना?" मग दोन पळं थांबायचे, जणू उत्तर येणार आहे. येतही असावं, कारण कधीकधी ते मान हलवून एखाद्या चाकाला तेल घालायचे.

आणि ते पिक्चर पाहत नसत. पंधरा वर्षं पिक्चर दाखवणाऱ्या माणसाने एकही पिक्चर पाहिला नव्हता. नजर सगळी मशीनवर. सगळी गोष्ट ते कानानेच ऐकत. एकदा मला म्हणाले, "ते हिरोइन हाये ना, जे दर पिक्चरमंदी रडते, तिचा आवाज मी शंभर बायांत ओळखतो. तोंड कसं हाये वो तिचं?"

मी म्हणालो, "भाऊ, खिडकीतून एकदा डोकावा ना."

"मी डोकावलो अन् इकडं रीळ अटकलं तर?"

बस. सगळं बोलणं फिरून फिरून याच ठिकाणी यायचं. रीळ अटकलं तर.

ज्यांनी ती जुनी मशीनं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यात ठिणगी पेटवायची. त्या उजेडासमोरून फिल्म पळते. पळते तोवर ठीक. एका जागी थांबली की त्या उजेडाने तिला भोक पडतं आणि मग जाळ. म्हणून ऑपरेटरने सतत मशीनजवळ उभं राहायचं, कांड्या सरकवायच्या, आवाज ऐकायचा, आणि काही बिघडलं की हाताने लोखंडी झडप पाडून उजेड अडवायचा. आमची केबिन लाकडी फळ्यांची, खाली चारशे माणसं, आणि बाहेर जायला दोन दरवाजे. त्यातला एक आत उघडणारा.

भाऊंनी मला त्यांच्या उस्तादाची गोष्ट एकदाच सांगितली. तरुणपणी ते एका तंबूतल्या टॉकीजबरोबर यात्रांतून फिरत. उस्ताद मशीनवर, भाऊ दारावर. मी आता उभा राहतो तसे. एका यात्रेत खेळ चालू असताना उस्ताद मशीनजवळच खाली बसला आणि गेला. आवाज नाही, हाक नाही. मशीन फिरत राहिली.

"मी बाहेरून आयकत होतो," भाऊ म्हणाले. "मशीनचा आवाज एकदम बरोबर येऊन राह्यला होता. मी म्हटलं, उस्ताद बरा हाये. मंग रीळ अटकलं. मंग तंबू."

"किती लोक, भाऊ?"

भाऊ खाली वाकून कार्बनचे तुकडे वेचत बसले. वेचता वेचता म्हणाले, "मले तिचं सगळं समजते. आवाज समजते, वास समजते, कांडी संपत आली हे उजेडावरून समजते. माझं तिले काय समजते? मी मेलो तरी ते फिरतच राहीन. हे काही बरोबर नाही."

आता इतकं म्हणून माणूस गप्प बसतो. भाऊ गप्प बसणाऱ्यांतले नव्हते, कारण त्या वर्षी त्यांना स्वतःलाच जिन्यावर दम लागू लागला होता. सुमनवहिनींनी धरून त्यांना बसस्टँडजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो, कारण आमच्याकडे डॉक्टरकडे एकटं जायचं म्हणजे आजारी नसल्यासारखं दिसतं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा चढला, आणि पाऱ्याबरोबर डॉक्टरांच्या भुवयाही चढल्या.

भाऊ म्हणाले, "साहेब, एक काम करा. तुमी जरा बाहेर उभे राहा अन् कंपाउंडरले मोजू द्या."

डॉक्टर गमतीदार माणूस, गेले बाहेर. कंपाउंडरने मोजलं तर पारा खाली.

"पाहा," भाऊ म्हणाले. "हे सगळं माझं नाही. निम्मं तुमचं हाये. तुमी टाय घालून येता."

डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले. "निम्मं माझं धरलं तरी उरलेलं निम्मं तुमचा जीव घ्यायला पुरेसं आहे. जिना चढणं बंद करा. हे काम सोडा. आज नाही तर वर्षभरात तुम्ही तिथेच पडाल."

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. आणि भाऊ काय विचारतात? "साहेब, हा पारा तुमाले सांगते. मशीनले सांगाचं असलं तर कसं सांगाचं?"

"कोणत्या मशीनला?" डॉक्टरांनी विचारलं. पण भाऊ तोवर चप्पल शोधत होते.

उत्तर त्यांना पंधरा दिवसांनी अपघाताने सापडलं. मी सकाळी रिकाम्या टॉकीजमध्ये झाडत होतो. एकाएकी पडद्यामागून आवाज आला. धप्प. धप्प. धप्प. असा की बाकांच्या खालची शेंगांची टरफलं थरथरायला लागली. मी खराटा टाकून दारापर्यंत गेलो होतो, हे कबूल करतो. मग वरून भाऊ ओरडले, "भिऊ नको बे, मी हाओ."

झालं होतं असं. फिल्मच्या काठावर आवाजाची बारीक पट्टी असते. मशीनमध्ये एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड पाहणारी एक नळी, फोटोसेल म्हणतात तिला. पट्टीतून उजेड कमीजास्त होतो आणि भोंग्यातून हिरोइन रडते. ती जागा पुसताना भाऊंचं बोट दिवा आणि फोटोसेलच्या मध्ये आलं होतं. बोटातलं रक्त ठोक्यागणिक कमीजास्त होतं, तसा आरपार जाणारा उजेडही. आणि भोंगा बोलायला लागला. भाऊंचं काळीज पडद्यामागे वाजत होतं, बैलगाडीएवढं.

ते खाली आले तेव्हा चेहरा असा की लॉटरी लागली. "समजते तिले," म्हणाले. "पहिल्यापासून समजते. आपनच कधी सांगतलं नाही."

पुढचा महिना त्यांनी जे काही केलं ते मला नीट कळलं नाही आणि कळलं असतं तरी मी वाढवूनच सांगितलं असतं. एका मोडक्या मशीनचा जुना फोटोसेल, रेडिओची भली मोठी बॅटरी, रेडिओचेच काही दिवे आणि डबे, वीज असेतोवरच धरणारा एक चुंबक, आणि कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. बोट गुंतवून चालणार नव्हतं, दोन्ही हातांना काम. म्हणून चिमटा कानाच्या पाळीला. पाळीच्या एका बाजूला इवलासा दिवा, दुसऱ्या बाजूला फोटोसेल. ठोका पडला की तारेने जोडलेल्या पेटीवरचा लाल दिवा लुकलुके. ठोके येत राहिले तर चुंबक झडप वर धरून ठेवी. चार मोजेपर्यंत ठोका आला नाही, किंवा ठोके असे धावायला लागले की एकात एक मिसळले, की चुंबक सुटे. खट्ट. झडप खाली, मोटर बंद. जाळ लागायची बातच नाही.

लोक म्हणाले, भाऊनं भिकबाळी घातली. वहिनी म्हणाल्या, "कान तुटन." भाऊ म्हणाले, "दोन हायेत."

परवानगी चंपालालशेठची लागणार होती. शेठ म्हणजे टॉकीजचे मालक. जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, आणि टॉकीजवाल्यांत जगावेगळी चिंता असलेले. कार्बनच्या उजेडावर पाखरं येऊन जळतात याचा त्यांना फार त्रास. केबिनच्या प्रत्येक फटीला त्यांनी मलमल लावून घेतली होती आणि पावसाळ्यात संध्याकाळचा खेळ उशिरा सुरू व्हायचा, कारण शेठ आधी पाखरं बाहेर घालवायचे. आम्ही पाठीमागे म्हणायचो, सगळं ढोंग आहे.

शेठ केबिनमध्ये आले, पेटी पाहिली आणि म्हणाले, "सुखदेव, ये सब क्या लगाया? तमाशा हाये का?"

भाऊंनी चिमटा काढला आणि शेठच्या कानाला लावला. लाल दिवा लुकलुकायला लागला, शांत, घड्याळासारखा. शेठ स्वतःच्याच ठोक्यांकडे पाहून खूश झाले. तेवढ्यात मलमलीच्या फटीतून एक पाखरू आलं आणि कार्बनच्या उजेडात गेलं. शेठ तोंडाने काही बोलले नाहीत, चेहराही तसाच. पण लाल दिवा असा पळायला लागला की ठोका कुठला अन् मधली जागा कुठली ते कळेना. खट्ट. झडप पडली.

भाऊंनी हलकेच चिमटा काढला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "शेठ खरे हायेत. आता मागं बोलत नोको जाऊ."

शेठनी परवानगी दिली.

आता माझं काम. भाऊंनी मला जिन्याच्या तळाशी उभं केलं आणि म्हणाले, "झडप पडली की दहा मोजाचे. मी ठीक असलो तर खिडकीतून खोकलीन. खोकला आयकू आला नाही तर वर याचं. भोंग्यावर बोलाचं नाही, लोकायले समजवत बसाचं नाही. वर याचं. समजलं?"

"हाव, भाऊ."

पहिल्यांदा झडप पडली तेव्हा मी दहा मोजलेच नाहीत. एकवीस पायऱ्या तीन ढांगांत. भाऊ मजेत उभे, घामाने चिमटा निसटला होता. दुसऱ्यांदा त्यांना शिंक आली होती. तिसऱ्यांदा वहिनींनी पाठवलेल्या ठेच्याचा ठसका. तो खुणेचा खोकला समजावा तर झडप पडायच्या आधीचा का नंतरचा, त्यातच मी निम्मा जिना चढलेला. महिन्याभरात मी इतक्यांदा वर-खाली केलं की पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या आणि माझ्या चपलांचे तळ जिन्याला चिकटून राहिले. मग मी दहा मोजायला लागलो. मग वीस. मग विडी संपवून मोजायला लागलो. त्यांचा खोकला नेहमी यायचा. 'ख्खम्' असा, एकच. लोकांनाही तो पाठ झाला. झडप पडली की लोक ओरडायचे, "ऑपरेटर मेला का रे?" आणि वरून 'ख्खम्' आलं की सगळी टॉकीज म्हणायची, "हाये, हाये."

आणि मग तो आगगाडीचा पिक्चर आला. त्यात फलाटावरचा तो सीन. पहिल्या खेळाला त्या जागी झडप पडली. दुसऱ्या खेळालाही, तिसऱ्यालाही. दर खेळाला तिथेच. भाऊंनी चिमटा घट्ट केला, कान लाल झाला, तरी तिथेच. तारा तपासल्या, बॅटरी बदलली. खट्ट.

मला त्यात काय दिसलं? जाहिरात दिसली. दुसऱ्या दिवशी टांग्यात बसून मी अख्ख्या वाशिमाला ऐकवलं: असा पिक्चर, की पंधरा वर्षं हजारो पिक्चर दाखवलेल्या आमच्या ऑपरेटरचं काळीज जिथं बंद पडतं, तो सीन पाहायला या. इंझोरीहून माणसं गाड्या जुंपून आली. मेडशीहून एस.टी.च्या टपावर बसून आली. लोकांना आई-पोराचं काही पडलंच नव्हतं. आगगाडीची शिट्टी झाली की निम्मे लोक पडद्याकडे पाठ करून केबिनकडे पाहत बसायचे. खट्ट झालं की टाळ्या. शेठसुद्धा म्हणाले, "पडते तर पडू दे. लोक खूश हायेत."

भाऊ एकदा खाली आले. मी भोंग्यावर सराव करत होतो. पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "तू तो सीन पाह्यला?"

"वीसदा पाह्यला, भाऊ."

"मी नाही पाह्यला. मी आयकतो. त्यात लोक वरडत पळून राह्यले हायेत. तंबूत असाच आवाज होता."

मी माइक खाली ठेवला.

"झडप पडली की लोकायनं भ्यावं म्हनून मी ते बनवलं," भाऊ म्हणाले. "तू त्यायले टाळ्या वाजवाले शिकवून राह्यला."

"उद्यापासून बंद करतो, भाऊ."

उद्या रविवार होता. महिलांचा खेळ. टॉकीज भरलेली. मी म्हटलं, सोमवारपासून.

तर तो रविवार. खट्ट झालं, म्हातारी ओरडली, टाळ्या झाल्या, मी भोंग्यावर बोललो, पुन्हा टाळ्या झाल्या. मी मोजत होतो का? नव्हतो. मी पुढचं वाक्य जुळवत होतो.

अंधारातून माझा शर्ट कोणीतरी ओढला. सुमनवहिनी होत्या. मागच्या बाकावर शेजारणींबरोबर बसल्या होत्या, त्या उठून आल्या होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ते खोकलले नाही."

मी वर पाहिलं. केबिनच्या खिडकीत नुसता काळोख. बाया अजून टाळ्या वाजवत होत्या, आता तालात, सगळ्या मिळून, जशा देवळात वाजवतात.

"मी पन्नास मोजले," वहिनी म्हणाल्या.

एकवीस पायऱ्या. त्या दिवशी त्या एकशे एकवीस होत्या आणि हे मी वाढवून सांगत नाही.

भाऊ भिंतीला टेकून खाली बसले होते. पाय पुढे पसरलेले, चेहरा ओल्या राखेसारखा, डोळे उघडे आणि माझ्याकडे नाहीत. झडप पडलेली, मोटर थांबलेली, फिल्म जागच्या जागी, धक्कासुद्धा नाही. कार्बनचा उजेड झडपेच्या पाठीवर फुकट जळत होता. कानाला चिमटा तसाच. आणि पेटीवरचा लाल दिवा बंद.

मी "भाऊ" म्हटलं. दिवा बंद. पुन्हा म्हटलं. मग दिवा लागला. एकदाच, आणि विझला. मी श्वास धरून पाहत राहिलो. पुन्हा लागला. मग लगेच दोनदा. मग बराच वेळ काही नाही.

कार्बन विझवला. चुंबकाकडे जाणाऱ्या दोन तारा ओढून तोडल्या, पण कानाचा चिमटा काढायची माझी छाती झाली नाही. मला वाटलं, तो काढला तर ते थांबतील. फक्त मलाच नाही. शेठ धावत वर आले, त्यांनीही तेच सांगितलं: "उसको हाथ मत लगाना." पेटी मी काखेत घेतली, शेठ आणि मी मिळून भाऊंना उचललं, आणि ती वरात जिना उतरली, पुढे माणूस, मागे त्याला तारेने जोडलेली पेटी. खालच्या बाया अजून टाळ्या वाजवत होत्या. दारातून उजेड आत आला, त्यात भाऊ दिसले, आणि टाळ्या एकेक करून थांबल्या.

बाहेर टांगा एकच, रहीमचाचांचा. आमचा जाहिरातीचा. दोन्ही बाजूंना पाट्या लावलेल्या, त्यावर रडणारी आई आणि आगगाडी. पाट्या काढायला वेळ नव्हता. भाऊ वहिनींच्या मांडीवर, पेटी माझ्या, चाचांनी घोडा सोडला.

आता ऐका. रविवारचा बाजार. मी ओरडतोय, "बाजू व्हा, बाजू व्हा, मानूस चालला हाये." आणि लोकांनी काय करावं? तो टांगा, तो आवाज, त्या पाट्या. लोक हसत रस्त्याच्या मध्ये आले. पोरं जाहिरातीचे कागद मिळतील म्हणून मागे धावायला लागली. एक भाजीवाला म्हणाला, "वा रे बहाद्दर, आज ऑपरेटरलेच दाखवाले आनलं का?" मी जितका मोठ्याने ओरडलो तितकी गर्दी वाढली. गळा फाटेस्तोवर ओरडलो आणि प्रत्येक हाकेला कोणी ना कोणी टाळी दिली. इकडे लाल दिवा लागायचा, विझायचा. वहिनी ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. एक, दोन, तीन. लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. लागला.

शेवटी वहिनी टांग्यात उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. बाजारातल्या सगळ्या बाया त्यांना ओळखत होत्या, रोज शेजारी पाटी लावणाऱ्या. वहिनी म्हणाल्या, "माय, माह्या घरचा हाये. जागा द्या." आणि अख्खा बाजार दोन्ही बाजूंना सरकला.

डॉक्टर घरी जेवायला बसले होते, उष्ट्या हाताने उठले. त्यांनी पहिलं काम म्हणजे तो चिमटा काढायला हात पुढे केला आणि वहिनी, मी आणि चाचा असे आम्ही तिघे एकदम म्हणालो, "नोको."

"हे काय जिवंत ठेवतंय का त्यांना?" डॉक्टर म्हणाले. "हे नुसतं पाहतंय. काढा."

कोणी पुढे होईना. मग वहिनींनीच काढला आणि स्वतःच्या पदराला लावला. दिवा विझला. भाऊ मात्र श्वास घेत राहिले.

त्यांना अकोल्याला नेलं, महिनाभर तिकडेच होते. वाचले. जिना मात्र कायमचा बंद. नवा ऑपरेटर आला, तरुण, पिक्चर पाहत पाहत मशीन चालवणारा. शेठनी त्याला चिमट्याविषयी सांगितलं तर म्हणाला, मी काय बाई हाओ का कानात घालाले? झडप सुतळीने वर बांधून टाकली आणि चुंबकाला त्याने शर्ट अडकवून ठेवला. मी जाहिरातीचं काम सोडलं. टॉकीजच्या दारावर राहिलो, पण भोंगा पुन्हा धरला नाही. झडप नसली तरी कधीमधी फिल्म तुटायची आणि लोक सवयीने ओरडायचे, "ऑपरेटर मेला का रे?" मी एकवीस पायऱ्या चढून जायचो. नवा ऑपरेटर शिव्या द्यायचा. मी उतरून यायचो.

भाऊंना मी त्यानंतर बऱ्याचदा भेटलो, पण एक गोष्ट विचारायची राहून जात होती. शेवटचं भेटलो ते हिवाळ्यात, त्यांच्या विहिरीवर. सकाळचं ऊन होतं. ते वाफ्याच्या कडेला गोणपाट टाकून बसले होते, ओल्या मेथीच्या जुड्या बांधत. आणखीनच वाळले होते. शर्टाच्या आत माणूस आहे हे विश्वासानेच धरायचं. विहिरीवर इंजिन चालू होतं, आणि जुडी बांधता बांधता त्यांचा कान त्या इंजिनाकडे होता. मधेच म्हणाले, "पाहा, हे गाळ ओढून राह्यलं," आणि खरंच जरा वेळाने पाणी गढूळ आलं. कानाच्या पाळीवर चिमट्याची खूण तशीच होती, लहानसा पांढरा खड्डा.

मी इकडचं तिकडचं पुष्कळ बोललो. शेठ असे, नवा ऑपरेटर तसा. भाऊ हसले. वहिनींनी चहा आणून दिला आणि त्या पाटी भरायला गेल्या. मग मी खाली मेथीकडे पाहत विचारलं, "भाऊ, त्या रविवारी तुमी वर पडले होते. आमी खाली टाळ्या वाजवून राह्यलो होतो. तुमाले आयकू आल्या का?"

भाऊंनी जुडीला सुतळीचा वेढा घातला, गाठ मारली, जुडी पाटीत ठेवली आणि दुसरी उचलली.

"आल्या ना," ते म्हणाले.